पार्किन्सनचा नियम : एक दुरुस्ती

हाती जितका वेळ तितके काम फुगते, हा सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांचा नियम १९५५ साली लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट'मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. तो वाचून सरकारी नोकरही हसतो. दोन दुय्यम नेमले की टिप्पण्या दुणावतात, हे त्याच्याइतके कोण जाणतो? पार्किन्सन यांनी दाखला दिला तो ब्रिटिश नौदलाचा. १९१४ ते १९२८ या काळात मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या; नौदलाच्या मुख्य कचेरीतील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले.

उपहास म्हणून हे आकडे बिनतोड आहेत. अर्थशास्त्र म्हणून अपुरे. त्यांत दिसतो तो वरच्या दालनातील फुगवटा. वाचणारे मात्र हा नियम सरसकट लावतात. कचेरीला दालनांप्रमाणे खिडकीही असते. शिधापत्रिकेच्या खिडकीवरील माणसे कमी केली तर काम आटत नाही, रांग वाढते. आणि रांगेत बुडालेली मजुरी कोणत्याच अंदाजपत्रकात चढत नाही. काटकसरीची कात्री दालनात बसलेल्यांच्या हाती असल्याने ती खिडकीवर आधी चालते. सरकारी खर्च मोजताना रांगेतल्या माणसाचा दिवसही हिशेबात धरावा, एवढी दुरुस्ती या चतुर नियमाला अवश्य हवी.