नावांची नोंद आणि रोगाची वाढ : अमेरिकेतील साल्मोनेला-अहवालांचे एक परीक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मानवी साल्मोनेला-संसर्गाची राष्ट्रीय प्रयोगशालेय देखरेख १९६२ साली सुरू झाली. अटलांटा येथील सीडीसी या संस्थेने तिच्या आधारे काढलेले वार्षिक अहवाल रोगशास्त्रज्ञांसाठी लिहिलेले असले, तरी भाषेच्या अभ्यासकानेही ते वाचावेत अशा योग्यतेचे आहेत. कारण ही देखरेख मुळात नामकरणाची व्यवस्था होय.

रुग्णाच्या विष्ठेतून वाढविलेला जंतू राज्याच्या प्रयोगशाळेकडे जातो. तेथे त्याच्या ओ आणि एच प्रतिजनांवरून सीरोटाइप ठरतो, व ती नोंद केंद्राकडे पोहोचते. कॉफमन-व्हाइट पद्धतीने ओळखलेले असे प्रकार आज अडीच हजारांहून अधिक आहेत. डब्लिन, पनामा, न्यूपोर्ट, माँटेव्हिडिओ ही त्यांची नावे प्रथम आढळाच्या स्थळांवरून पडली. नाव स्थळाचे असले, तरी ते जंतूचा मुक्काम सांगत नाही. आगोना हा प्रकार १९५२ साली घानात सापडला. १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत तो अमेरिकेत वाढला, तेव्हा त्याचा माग कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलेल्या पेरूच्या मत्स्यचूर्णापर्यंत लागला. केवळ 'साल्मोनेला' एवढीच नोंद होत असती, तर ही वाढ इतर हजारो रुग्णांच्या गर्दीत लोपली असती. नाव वर्णन करीत नाही, भेद करते. आणि या व्यवस्थेचे सारे सामर्थ्य त्या भेदात आहे.

अहवालांचे हे श्रेय मान्य करूनही त्यांच्या वाचनपद्धतीविषयी आक्षेप घ्यावा लागतो. 'नोंदी वाढल्या' या वाक्याचे 'संसर्ग वाढले' असे रूपांतर वाचक नकळत करतो. कर्ता बदलला की विधानच बदलते. रुग्णाने वैद्याकडे जावे, वैद्याने तपासणी सांगावी, प्रयोगशाळेने जंतू वाढवावा, या साखळीतील एकही दुवा सैल झाला तर नोंद होत नाही. एका निश्चित रुग्णामागे सुमारे २९ रुग्ण निदानावाचून राहतात, असा अंदाज २०११ साली प्रसिद्ध झाला. अनुक्रमाचेही तसेच आहे: पहिला प्रकार घटला की दुसरा जागचा न हलताही वर चढतो. आपल्याकडे या कार्यास कोणी 'सर्वेक्षण' म्हणतात, कोणी 'पाळत'. पण सर्वेक्षक दारोदार जातो, पाळत ठेवणारा मागोमाग जातो. ही व्यवस्था मात्र एका जागी बसून आलेले टिपून घेते. 'देखरेख' हा शब्दही तिला किंचित मोठाच होतो.

याचा अर्थ हे आकडे निरुपयोगी असा नव्हे. १९८० नंतरच्या दशकात ईशान्येकडील राज्यांत एंटेरिटिडिस या प्रकाराची वाढ दिसली आणि अखंड कवचाच्या अंड्यांवर संशय स्थिरावला, तो अशाच नोंदींच्या आधारे. तपासणीची रीत फारशी न बदलता एकच नाव एका प्रदेशात वाढते, तेव्हा त्या वाढीस अर्थ असतो. म्हणून आकड्यापूर्वी रीत वाचावी.

आज ती रीतच पालटत आहे. जंतू न वाढविता रोगनिदान करणाऱ्या जलद चाचण्या रुग्णाच्या सोयीच्या आहेत. पण त्यांत जंतू हाती लागत नाही, आणि जंतू नसेल तर नाव नाही. नोंदी वाढाव्यात आणि भेद मात्र पुसला जावा, असा हा प्रसंग आहे. जनुकसंचाच्या संपूर्ण वाचनाने प्रतिजनांहूनही सूक्ष्म भेद करता येतो हे खरे. तथापि त्यासाठीही सामान्यतः जंतू वाढवावाच लागतो. त्यामुळे जलद चाचणी होकारार्थी आल्यावर तोच नमुना पुन्हा वाढविणे हे वैद्यकाचे काम आहे तितकेच कोशकाराचेही आहे. ते सुटले, तर पुढील आगोना येईल तेव्हा आपल्यापाशी संख्या असेल, परंतु तिला हाक मारावयास शब्द नसेल.