साडीतला नायक आणि पडद्याची धास्ती

स्त्रीवेशातल्या एका पुरुषाला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. बालगंधर्व रंगमंचावर जे नेसत, जे माळत, त्याची नक्कल घरंदाज बायका करत. त्याच महाराष्ट्रात गणपत पाटील यांनी तमाशापटांतून वर्षानुवर्षे नाच्या रंगवला, तेव्हा लोक नुसते हसून थांबले नाहीत. पडद्याबाहेरही त्यांना तसेच समजू लागले आणि त्याची झळ त्यांच्या संसाराला बसली. दोघेही नट, दोघेही संसारी. पण एकाने नायिका साकारली आणि दुसऱ्याने बायकी पुरुष. आपला आदर कुठवर जातो, ते या दोन आयुष्यांत स्वच्छ दिसते.

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसे ज्यांच्याकडे ‘हे आपले’ म्हणून पाहतात, अशी माणसे मराठी नाटक-सिनेमाने किती दिली? माझ्या मते फारच थोडी.

रवी जाधव यांचा ‘नटरंग’ (2010) घ्या. गुणा कागलकर हा कुस्तीचा शौकीन, पीळदार शेतमजूर. फड उभा राहतो, पण नाच्या व्हायला कुणी तयार होत नाही. शेवटी गुणाच उभा राहतो. अतुल कुलकर्णी यांनी ते रांगडे शरीर हळूहळू वितळवले आहे. खांदा पडतो, मनगट लवते, चालीत ठेका येतो. मराठी पडद्यावरचा हा असामान्य अभिनय आहे. गावाने केलेली विटंबनाही चित्रपट धीटपणे दाखवतो. तरीही चित्रपटाची सारी धडपड एकच गोष्ट पटवण्यासाठी चालते: हा आतून पक्का पुरुष आहे हो! आदल्या वर्षीच्या ‘जोगवा’तही तेच. देवीला जोगता म्हणून सोडलेल्या तायप्पावर साडी लादली गेली आहे आणि त्याची सुटका होते ती बाईवरच्या प्रेमातून. दोन्ही चित्रपट मला मोलाचे वाटतात. पण ज्याला साडी मनापासून हवी आहे, तो जोगता किंवा नाच्या नायक म्हणून कुठे आहे?

रंगभूमी याबाबतीत अधिक धीट निघाली. विजय तेंडुलकरांनी 1981 मध्ये ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहिले. रोहिणी हट्टंगडींची मित्रा बाईवर प्रेम करते आणि ते लपवत नाही. मात्र तिची गोष्ट सांगतो बापू, आणि शेवटी ती जिवानिशी जाते. चेतन दातारांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाचे समलिंगी असणे आईच्या तोंडून कळते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीत (2006) मात्र तनय स्वतः बोलतो, म्हणून ती मला इतकी महत्त्वाची वाटते. तिचा चित्रपट 2022 मध्ये आला, तो हिंदीत, आणि त्यातले घर कोचीला गेले.

समुदायाने आपली माणसे कलेबाहेर शोधली, यात नवल नाही. लक्ष्मी त्रिपाठी 2014 च्या तृतीयपंथी हक्कांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. त्याआधीच ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे त्यांचे आत्मकथन मराठीत आले होते. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांनी ‘सखी चारचौघी’ ही संस्था उभी केली. 2017 मध्ये विक्सच्या जाहिरातीत आईच्या रूपात त्या स्वतःच दिसल्या आणि देशभर पोचल्या. त्यांच्यावरची ‘ताली’ (2023) ही मालिका पुन्हा रवी जाधवांचीच. लेखक क्षितिज पटवर्धन, जगणे पुण्या-मुंबईतले, भाषा हिंदी. आणि गौरी झाल्या सुष्मिता सेन. सेन यांनी जीव ओतून काम केले, हे मान्य. पण जाहिरातीला जे जमले, ते मालिकेला जमू नये?

‘कारभारी लयभारी’ या मालिकेत गंगा ही तृतीयपंथी अभिनेत्री रोज संध्याकाळी मराठी घरांत दिसत होती आणि कुणाचेही काही बिघडले नाही. निर्मात्यांनी आता चित्रपटातल्या नायिकेची भूमिका अशाच अभिनेत्रीसाठी, मराठीत लिहून घ्यावी. आणि तो चित्रपट लागेल तेव्हा तुम्ही तिकीट काढून, घरच्या सगळ्यांना घेऊन जा.