एक काळी रेघ

काही वर्षांपूर्वी एका ललितलेखात मी लिहिले होते : ‘तोच लाल चतुर पुन्हा त्याच लव्हाळ्यावर येऊन बसला.’ वाक्य मला आवडले होते. पुढे फ्रेझर यांचा ग्रंथ हाती आला आणि त्यातल्या ‘तोच’ या शब्दाची मला लाज वाटू लागली.

एफ. सी. फ्रेझर हे लष्करी पेशातले डॉक्टर. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत चतुर व टाचण्यांवरचे त्यांचे तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली निघाले. ग्रंथ शास्त्राचा खरा. पण मी तो गद्य म्हणून वाचला. येथे विशेषण शोभेसाठी येत नाही. त्याला काम असते.

तो वाचून तळ्यावर गेलो, तेव्हा एका लालाचे दोन झाले. एक रक्तासारखा तांबडा. पोटावर वरच्या बाजूने मधोमध बारीक काळी रेघ, पायही तांबूस. हा क्रॉकोथेमिस सर्व्हिलिया. दुसरा किरमिजी, त्यावर जांभळट झाक. पंखांच्या शिरा लाल, पाय मात्र काळे. हा ट्रायथेमिस ऑरोरा. पंखांच्या मुळाशी पिवळसर डाग दोघांनाही असतो. त्यावर विसंबणारा फसतो. शिवाय हा लाल रंग वयात आलेल्या नरांचा. माद्या पिवळट, आणि नुकता कात टाकलेला नरही पिवळटच!

फ्रेझर यांच्याविषयी माझी तक्रार एकच आहे. त्यांच्या कोष्टकांची भिस्त पंखांच्या शिरांवर फार. मेलेल्या कीटकाचा रंग उडतो, शिरा टिकतात, हे मला समजते. पण शिरा मोजायच्या तर चतुर भिंगाखाली हवा. काठावर नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला ती कोष्टके फारशी उपयोगी पडत नाहीत.

आमच्या निसर्गलेखनाचा दोष याच्या उलट आहे. आम्ही काठावरच बसतो, पण पाहत नाही. लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधीत असू. आता विशेषण बांधतो. नेमकेपणाने रसहानी होते, अशी आमची समजूत. मला तर त्या रेघेने आनंदच दिला.

माझ्या लेखातला चतुर या दोहोंपैकी कोणता, आणि परत आलेला खरोखर तोच का, हे आता मलाही सांगता येणार नाही. रेघ मी पाहिलीच नव्हती.