‘९६ टक्के अचूक’ म्हणजे किती अचूक?

पेट आणि एमआरआय या मेंदूची चित्रे काढण्याच्या दोन पद्धती आता एकाच यंत्रात एकत्र आल्या आहेत. कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, आणि त्याच्यासारख्या हालचालींच्या इतर विकारांत अशा तपासण्यांमुळे निदान ‘नव्वद टक्क्यांहून अधिक अचूक’ होते, अशी वाक्ये वरचेवर वाचायला मिळतात. यंत्राला नावे ठेवणे हा या लेखाचा हेतू नाही. तपासायचा आहे तो ‘अचूक’ हा शब्द. त्यासाठी लागणारे गणित आठवीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

यंत्र पाहते काय?

कंपवाताचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. या आजारात मध्यमेंदूतील ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या काळसर भागातील पेशी मरत जातात. या पेशी डोपामिन हे रसायन तयार करतात आणि मेंदूच्या आत खोलवर असलेल्या स्ट्रायेटम या भागाला पुरवतात. पुरवठा आटला की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात थरथरतो. साध्या एमआरआय चित्रात मात्र सुरुवातीच्या काळात फारसे काही दिसत नाही, कारण एमआरआय प्रामुख्याने रचना दाखवतो आणि बिघाड असतो रसायनाच्या पुरवठ्यात.

पेटची रीत वेगळी आहे. डोपामिनच्या कच्च्या मालाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून देतात. फ्लोरिनच्या अणुकेंद्रातून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनशी त्याची गाठ पडते, दोन्ही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. डोक्याभोवतीचे कडे ते टिपते आणि माल कोठे व किती जमला याचे चित्र तयार होते. जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिनचे असे चित्र कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील गार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केले. या फ्लोरिनचे अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटांचे असते, म्हणून तो बनवणारा सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. भारतात ही सोय प्रथम २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली.

पेटचे चित्र मात्र धूसर असते. चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील त्यात सहसा वेगळा दिसत नाही. एमआरआयचे चित्र रेखीव असते. एकाने रसायन दाखवावे आणि दुसऱ्याने जागा, हा जोडयंत्रामागचा विचार. तो चांगलाच आहे. पण येथे एक अडचण लक्षात घ्यावी. गॅमा किरणांपैकी काही कवटीत अडतात, त्यांची भरपाई हिशेबात धरावी लागते आणि त्यासाठी हाड कोठे व किती जाड आहे हे कळावे लागते. सीटी स्कॅनमध्ये हाड ठळक दिसते, पण एमआरआयला ते जवळजवळ दिसतच नाही. सुरुवातीच्या पद्धतींत कवटीला मऊ ऊतक समजून हिशेब केला जाई आणि कवटीलगतच्या भागातील आकडे कमी येत. २०१७ साली ३५९ रुग्णांच्या चित्रांवर सुधारित अशा ११ पद्धती पडताळून पाहिल्या गेल्या, तेव्हा सरासरी चूक ५ टक्क्यांच्या आत आल्याचे दिसले. म्हणजे यंत्राची बाजू बरीच सावरली आहे. आता उरलेला प्रश्न यंत्राबाहेरचा आहे.

नव्वद जणांचे गणित

आधी एकट्या एमआरआयचा एक अभ्यास घेऊ. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. खास पद्धतीने काढलेल्या चित्रात निरोगी माणसाच्या सबस्टॅन्शिया नायग्राचा एक भाग पक्ष्याच्या दुभंगलेल्या शेपटीसारखा दिसतो. आपल्याकडचा कोतवाल डोळ्यांपुढे आणावा. कंपवातात ही शेपटी दिसेनाशी होते.

या खुणेवरून ९० जणांची चित्रे पाहिली गेली. त्यांपैकी ९ जणांना कंपवात होता, ८१ जणांना नव्हता. सर्व ९ रुग्ण बरोबर ओळखले गेले, उरलेल्या ८१ पैकी ७७ बरोबर ठरले. एकूण ८६ बरोबर, म्हणजे ९६ टक्के.

आता हाच हिशेब दुसऱ्या टोकाकडून करू. ‘तुम्हाला कंपवात आहे’ असे चित्राने किती जणांना सांगितले? खऱ्या ९ जणांना आणि चुकून ४ जणांना, एकूण १३. त्या १३ पैकी खरे रुग्ण ९, म्हणजे ६९ टक्के. चिठ्ठी हातात पडलेल्या माणसाला या दुसऱ्या आकड्याशी कर्तव्य आहे. ९६ त्याच्या उपयोगाचे नाहीत. शिवाय चित्र न पाहताच ‘कोणालाही कंपवात नाही’ असे कोणी म्हटले असते, तरी त्याची उत्तरे ९० पैकी ८१ वेळा, म्हणजे ९० टक्के ‘अचूक’ ठरली असती!

हेच प्रमाण कायम धरून ही तपासणी अशा दवाखान्यात नेऊ, जेथे येणाऱ्या १०० पैकी ५० जणांना खरोखर कंपवात आहे. ५० बरोबर ओळखले जातील, चुकून २ किंवा ३ जणांवर शिक्का बसेल. आता होकारी चिठ्ठी सुमारे ९५ टक्के खरी. यंत्र तेच, पाहणारे डोळे तेच. बदलले फक्त दारात आलेले लोक. त्याच अभ्यासात १९ जणांचा आणखी एक गट होता. त्यात १६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ८४ टक्के. इतक्या छोट्या गटात एक माणूस इकडचा तिकडे झाला की पाच टक्के हलतात.

मोजपट्टी कोण मोजणार?

वरच्या अभ्यासात ‘खरा’ कंपवात कोणी ठरवला? डॉक्टरांनी, रुग्णाला तपासून. या मोजपट्टीची स्वतःची परीक्षा १९९२ साली लंडनच्या मेंदू-पेढीत झाली होती. हयातीत कंपवाताचे निदान झालेल्या १०० जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तर ७६ जणांतच ते खरे ठरले. पुढे २००२ साली लंडनच्याच हालचाल-विकार तज्ज्ञांची निदाने अशीच पडताळली, तेव्हा कंपवात म्हटलेल्या ७३ पैकी ७२ बरोबर निघाली. मोजपट्टीची गुणवत्ता धरणाऱ्या हातावर अवलंबून आहे, हे यातून दिसते. डॉक्टर चुकले आणि चित्र बरोबर असले, तरी अशा अभ्यासात चूक चित्राच्या नावे मांडली जाते. दोघे एकच चूक करतील, तर ती ‘अचूकता’ म्हणून जमा होते.

यातून वाट काढता येते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६७ रुग्णांची पेट चित्रे, निदान अजून अनिश्चित असताना, संगणकाने वर्गीकृत केली. तज्ज्ञांनी संगणकाचे उत्तर न पाहता पुढील काळात रुग्णांवर लक्ष ठेवून अंतिम निदान केले आणि मग ताळा घेतला. संगणकाने कंपवाताचे ८४ टक्के रुग्ण ओळखले, कंपवात नसलेल्यांपैकी ९७ टक्के बरोबर वगळले. ८४ हा आकडा ९६ पेक्षा दिसायला लहान आहे, पण प्रश्न अवघड होता आणि पद्धत प्रामाणिक. मला तो अधिक मोलाचा वाटतो.

दोन साक्षीदार

दोन तपासण्या जोडल्या की अचूकता आपोआप वाढते का? समजा, दोन्ही तपासण्या रुग्ण आणि निरोगी यांना प्रत्येकी ९० टक्के वेळा बरोबर ओळखतात आणि एकीच्या चुकांचा दुसरीशी संबंध नाही. दोन्हींचा होकार आल्यावरच आजार मानला, तर निरोगी माणूस ९९ टक्के वेळा सुटतो, पण रुग्ण ८१ टक्केच सापडतात. एकीचा होकार पुरेसा मानला, तर आकडे उलटे होतात. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने द्यावे लागते.

जोडयंत्रात तर दोन साक्षीदार स्वतंत्रही नसतात. पेटच्या आकड्यांतील भरपाई एमआरआयच्या चित्रावरूनच होते, म्हणून त्यातील चूक पेटमध्येही उतरते. थरथरणाऱ्या रुग्णाचे डोके हलले, तर दोन्ही चित्रे एकदमच बिघडू शकतात.

मग जोडीचा फायदा कोठे? दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारले तर. डोपामिनचे पेट चित्र कंपवातात फिके पडते, तसेच त्याच्याशी साम्य असलेल्या इतर काही आजारांतही. ‘पुरवठा आटला आहे’ एवढेच ते सांगते. एमआरआयमध्ये मात्र यांपैकी एका आजारात मध्यमेंदू बारीक होऊन गुंजन पक्ष्याच्या आकाराचा दिसतो. पेटने ‘आटला का?’ सांगावे आणि एमआरआयने ‘कोणत्या आजाराने?’ याकडे बोट दाखवावे, ही खरी जोडी.

चित्र आणि माणूस

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका औषधचाचणीत कंपवाताच्या १८६ रुग्णांची डोपामिनसाठी पेट तपासणी झाली. त्यांपैकी ११ टक्क्यांचे चित्र सुरुवातीलाच निर्दोष निघाले. डॉक्टरांचे निदान पुन्हा तपासावे, हे येथे चित्रानेच सुचवले. दोन वर्षांनी रोपिनिरोल घेणाऱ्यांच्या चित्रातील घट सुमारे १३ टक्के होती आणि लेव्होडोपा घेणाऱ्यांची सुमारे २०. चित्र म्हणाले, रोपिनिरोल सरस. पण हालचालींची सुधारणा लेव्होडोपा घेणाऱ्यांत अधिक होती! औषधामुळे पेशी वाचल्या की फक्त चित्रातील आकडा बदलला, याचे उत्तर चित्रापाशी नव्हते.

शिक्षकांनी ९ तांबडे आणि ८१ पांढरे मणी घेऊन वरचे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. त्यानंतर कोठेही अचूकतेचा आकडा दिसला, की मुलांनी चार प्रश्न विचारावेत. किती जणांवर? ते कोण होते? खरे उत्तर कोणी ठरवले? आणि चित्राने ‘आहे’ म्हटलेल्यांपैकी खरे किती? घरात कोणाचा हात थरथरू लागला आणि महागड्या स्कॅनचा विषय निघाला, तर डॉक्टरांना पाचवा प्रश्न विचारता येईल: या चित्राने उपचारांत काय बदलेल? डॉक्टर स्वतः साशंक असतील आणि उत्तरावर पुढचे उपचार अवलंबून असतील, तर स्कॅनचा खर्च सार्थ ठरतो. नुसती खात्री वाढावी म्हणून काढलेले चित्र खोटी खात्रीही देऊ शकते.