नगराचीं अक्षरें

शहराची ओळख त्याच्या भव्य इमारतींवरून करून घ्यावी कीं दुकानांच्या पाट्यांवरून, असें कोणीं विचारल्यास आम्ही निःशंकपणें पाट्यांच्या बाजूनें मत देऊं. इमारत एका धनिकाच्या इच्छेनें उभी राहते. पाटी मात्र शिंप्यापासून सराफापर्यंत प्रत्येकजण आपापल्या ऐपतीप्रमाणें रंगवून घेतो. म्हणून पाट्यांचीं छायाचित्रें घेणाऱ्या हौशी मंडळींचें आम्ही अभिनंदन करतों. परंतु त्याबरोबर एक तक्रारही नोंदविणें प्राप्त आहे.

ही मंडळी बहुधा केवळ अक्षर टिपतात. गिरगांवांतील एखादी जुनी पाटी घ्यावी, तिच्यावरचें छप्पर, खालची पायरी, शेजारचें दुकान हें सर्व कापून टाकावें, आणि उरलेल्या वळणदार अक्षरांस मुंबई म्हणावें, हें आम्हांस मान्य नाहीं. अक्षर सुंदर असेल. पण तें मुंबईचें हें कशावरून ओळखावें?

या बाबतींत अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हान्स याचें उदाहरण मननीय आहे. त्याच्या ‘अमेरिकन फोटोग्राफ्स’ (१९३८) या ग्रंथांतील पहिलेंच चित्र न्यूयॉर्कमधील एका फोटोच्या दुकानाचें असून तें १९३४ सालचें आहे. भिंतीवर ‘फोटो’ हा शब्द पुनःपुन्हां रंगविलेला आहे. पण त्या शब्दाबरोबर तें दुकानही दिसतें, म्हणूनच शब्द बोलूं लागतो. उतारवयांत एव्हान्सनें पोलरॉइड कॅमेऱ्यानें सुटीं अक्षरेंही टिपलीं, हें खरें. तीं मोहक आहेत. परंतु त्यांवरून गांव ओळखूं येत नाहीं.

आमच्याकडे हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाहीं. २०२२ सालीं महाराष्ट्राच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन लहान दुकानांसही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरें इतर लिपींतील अक्षरांहून लहान नसावींत असें ठरलें. सप्टेंबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दुकानदारांस दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी नांव कोणीं आनंदानें रंगविलें, कोणीं जुन्या इंग्रजी पाटीवर घाईनें फ्लेक्स ठोकून वेळ निभावली, हें सांगणारीं छायाचित्रेंच पुढें इतिहासाच्या उपयोगीं पडतील. नुसत्या ‘क’ अथवा ‘श’ या अक्षरावरून त्यांतलें कांहींच कळणार नाहीं.

तेव्हां आमची विनंती एवढीच कीं, छायाचित्रकारांनीं दोन पावलें मागें सरावें, दुकान व रस्ता चौकटींत येऊं द्यावा, आणि चित्राखालीं जागा व तारीख लिहावी. पाटी उतरली कीं ती परत चढत नाहीं. निदान ती कोठें होती, हें तरी पुढच्या पिढीस कळूं द्या.