मऊ खडकातली भेग आणि बर्डीवरचा खड्डा

मे महिन्यात सीताबर्डीवर गाडी साइड स्टँडवर लावा आणि तासाभराने परत या. स्टँड डांबरात रुतलेला असतो, आणि गाडी काढली तरी खड्डा तसाच राहतो. आज ज्या शोधनिबंधाबद्दल लिहितेय, त्याची अडचण मला या खड्ड्यातच दिसते.

जमिनीखालच्या उष्णतेपासून वीज करायची तर नुसता गरम खडक पुरत नाही, पाणी फिरायला भेगा लागतात. जुना समज असा, की ग्रॅनाइट 350-400 अंशांच्या आसपास ठिसूळपणा सोडतो, भेगा मिटतात आणि पाणी थांबतं. जपानात काक्कोंडा इथे 3729 मीटर खोल विहिरीत 500 अंशांहून जास्त तापमान लागलं, पण तळाच्या भागात पाणी फिरत असल्याची खूण नव्हती. बेसॉल्ट बऱ्याच जास्त तापमानापर्यंत ठिसूळ राहतो. नागपुरात दोन्हींचे नमुने आहेत: बर्डीच्या किल्ल्याची टेकडी बेसॉल्टची, तर शहराच्या पूर्वेला नाईस, म्हणजे ग्रॅनाइटचा भाऊबंदच.

2017 मध्ये नोरिआकी वातानाबे आणि सहकाऱ्यांनी 'नेचर जिओसायन्स'मध्ये हा समज हलवला. भेग पाडलेला ग्रॅनाइट 350 ते 500 अंशांना दाबला, तर त्यातून पाणी जाणं एकदम बंद होत नाही. एका मर्यादेपर्यंत ते थोडंच घटतं आणि भार काढला की पूर्ववत होतं. मर्यादेपुढे मात्र झपाट्याने घटतं, आणि पूर्ववत होत नाही. यावरून ते म्हणतात, 2 ते 6 किलोमीटर खोलीवर 450 अंशांवरचे वापरण्याजोगे साठे असू शकतात.

प्रयोग झकास आहे. 'वापरण्याजोगे' हा शब्द मात्र मला खटकतो. भेग उघडी ठेवायला आतल्या पाण्याचा दाबही हातभार लावतो. तुम्ही विहिरीतून वाफ काढू लागलात की तोच दाब उतरतो आणि भेगेच्या भिंतींवरचा भार वाढतो. मर्यादा ओलांडली गेली, तर नंतर तेवढंच पाणी परत सोडूनही भेग पहिल्यासारखी होणार नाही. स्टँडचा खड्डा! म्हणजे साठा सापडेल, पण वापरायला काढला की तोच बुजायला लागेल. गंमत म्हणजे हा धोका त्यांच्याच आलेखात दिसतो.

शिवाय वेळ. प्रयोगशाळेत खडकाला फार तर काही दिवस मिळतात, वीज केंद्राला काही दशकं चालायचं असतं. पूर्वेकडच्या नाईसमधले दुमडलेले, ताणले गेलेले पट्टे बघा, सावकाश दाबलेला गरम खडक काय करतो ते दिसेल.

मला पुढचा प्रयोग असा हवाय: 450 अंश, बाहेरचा दाब कायम, आतलं पाणी हळूहळू कमी करत न्यायचं, काही महिने तसंच ठेवायचं, आणि मग पुन्हा भरून मोजायचं.