भावोजींचा पराभव, पैठणीचा विजय

दूरचित्रवाणीवरचा लोकप्रिय माणूस निवडणुकीला उभा राहिला, की त्याच्या यशापयशाचा हिशेब बहुधा ‘ग्लॅमर’ या एकाच शब्दात मांडला जातो. जिंकला तर ग्लॅमर चालले, हरला तर ते मतांत उतरले नाही. हे स्पष्टीकरण फार पुढे नेत नाही. प्रेक्षक प्रत्येक कलावंतावर सारख्याच तऱ्हेने प्रेम करत नाही. तो त्याच्याशी एक नाते जोडतो आणि त्या नात्याच्या मर्यादाही पाळतो. आदेश बांदेकर यांची कारकीर्द या अंगाने वाचण्यासारखी आहे.

मुदखेडहून पाहताना हा फरक लवकर ध्यानात येतो. येथील जंक्शनवरून एक लोहमार्ग निजामाबादकडे जातो, दुसरा आदिलाबादकडे. तेलुगू मुलूख शेजारचाच. तिथे एन. टी. रामाराव यांनी मार्च १९८२ मध्ये तेलुगू देसम पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पडद्यावर राम आणि कृष्ण साकारलेल्या या नटाकडे लोक मान वर करून पाहत. मराठी दूरचित्रवाणीने घराघरांत पोहोचवलेला चेहरा मात्र मान वर करून पाहण्याचा नव्हता. तो सासूबाईंच्या शेजारी, दिवाणखान्यात बसलेला होता.

‘होम मिनिस्टर’ २००४ मध्ये सुरू झाला. रूढ अर्थाने ती विनोदी मालिका नव्हे, खेळाचा कार्यक्रम. पण त्याची बांधणी कौटुंबिक प्रहसनाची आहे. बांदेकर घरी येतात, लग्न कसे जमले ते विचारतात, नवऱ्याला उखाणा घ्यायला लावतात, सासू-सुनेत लटके भांडण लावून देतात. मग खेळ होतात आणि जिंकणारीला पैठणी मिळते. या साऱ्याला आधार एका संबोधनाचा आहे. ते तिला ‘वहिनी’ म्हणतात, ती त्यांना ‘भावोजी’. दीर-भावजयीच्या नात्यात थट्टेला मुभा असते. परका पुरुष घरात येऊन बाईला तिच्या संसाराबद्दल विचारतो आणि कुणाला ते खटकत नाही, याचे श्रेय या एका शब्दाला आहे. बांदेकरांचे अभिनयकौशल्यही इथेच दिसते. ते स्वतःला मागे ठेवतात. विनोद बहुधा नवऱ्याच्या अंगावर जातो, बाईच्या नाही. एरवी जिला कुणी काही विचारत नाही, ती अर्धा तास बोलते आणि घर ऐकते.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेने त्यांना माहीममधून उभे केले. सेनाभवन ज्या दादर परिसरात आहे, त्या भागातली ही जागा. उमेदवारी हुकल्याने सदा सरवणकर काँग्रेसमध्ये गेले आणि तिथून लढले. मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले आणि बांदेकर तिसऱ्या क्रमांकावर राहिले. या पराभवाची राजकीय कारणे उघड आहेत: मराठी मतांतली फूट, मनसेची तेव्हाची लाट, पक्षातली बंडखोरी. ती बाजूला सारून सगळा दोष प्रतिमेवर टाकणे अन्यायाचे ठरेल. तरीही प्रतिमेचा प्रश्न उरतोच. आपल्या राजकारणात दादा, भाऊ, आबा, ताई, अण्णा ही संबोधने रुळली आहेत. ती सारी अशा नात्यांची आहेत, ज्यांच्याकडे गाऱ्हाणे घेऊन जाता येते. भावोजी या यादीत बसत नाहीत. ते येतात, हसवतात, भेट देतात आणि जातात. नळाला पाणी नाही म्हणून कुणी भावोजींना रात्री उठवत नाही.

उलट उदाहरण अमोल कोल्हे यांचे. २०१९ मध्ये ते राष्ट्रवादी काँग्रेसकडून शिरूरमधून लोकसभेवर गेले; तीन वेळा खासदार राहिलेल्या शिवाजीराव आढळराव पाटलांना त्यांनी हरवले. तेव्हा ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरूच होती. शिवनेरी याच मतदारसंघात, वढूही याच परिसरातले. तिथे भूमिका आणि भूमी एकमेकींना पूरक ठरल्या. त्याच वर्षी युक्रेनमध्ये वोलोदिमिर झेलेन्स्की दुसऱ्या फेरीत सुमारे ७३ टक्के मते घेऊन अध्यक्ष झाले. ते खरोखरच विनोदी मालिकेतले नट. पण ‘सर्व्हंट ऑफ द पीपल’मध्ये त्यांनी रंगवलेला शिक्षक अध्यक्षच होतो. प्रेक्षकांनी त्यांना त्या खुर्चीत आधीच पाहिले होते. भावोजींना मात्र विधानसभेत कुणी कल्पिले नव्हते. कार्यक्रमात मंत्रिपद होते, पण ते वहिनींचे.

पुढे २०१७ मध्ये बांदेकर सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले. २०२३ मध्ये ते पद पुन्हा सेनेत परतलेल्या सरवणकरांकडे गेले. व्यक्तीची कथा राजकारणात एवढ्यावर थांबते. कार्यक्रमाची थांबत नाही.

गेल्या काही वर्षांत ‘खेळ पैठणीचा’ या नावाने गावोगाव जे सोहळे होतात, त्यांचे फलक पाहावेत. इच्छुक नगरसेवक, माजी सभापती, भावी आमदार हे सारे यजमान. कलावंताला जी जागा मिळाली नाही, ती त्याच्या कार्यक्रमाच्या साच्याने पटकावली. मात्र या नकलेत एक गोष्ट गळाली. मूळ कार्यक्रमात पैठणी शेवटी येत असे आणि त्याआधी बाईचे बोलणे येई. मैदानावरच्या गर्दीत तिच्या बोलण्याला वेळ नाही. संगीतखुर्ची, सोडत, छायाचित्र, आभार, बस्स. पैठण ज्या मराठवाड्यात आहे, तिथल्या बाईला पैठणीचे अप्रूप आहेच. पण तिला विचारला जाणारा प्रश्नही तितकाच दुर्मीळ होता.

२०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आली. महिन्याला १,५०० रुपये, पहिले हप्ते रक्षाबंधनाच्या सुमारास आणि नोव्हेंबरमध्ये निवडणूक. नात्याचा शब्द बदलला: भावोजींच्या जागी भाऊ आला. हा बदल लहान नाही. पैठणी हे बक्षीस आहे, ते एकीलाच मिळते. ओवाळणीवर प्रत्येक बहिणीचा हक्क असतो. शिवाय भावाला जाब विचारता येतो. बहिणी तो कधी आणि कशाबद्दल विचारतील, यावर या नव्या नात्याचे मोल ठरेल. तसे झाले, तर दिवाणखान्यात सुरू झालेले तिचे बोलणे पुढे गेले असे म्हणता येईल. नाही तर राजकारणाने भावोजींकडून फक्त पैठणीच घेतली, असाच निष्कर्ष काढावा लागेल.